दोन बटणांचं गाव

परत आल्यापासून जो तो विचारतो, आक्के, काय पाहिलंस तिकडे? आळंदी केलीस का, देहू केलंस का? केलं हो. दोन्ही केली, प्रसादही घरोघरी पोचवला, तो तुम्ही खाल्लात. पण खरं सांगू का, त्या मुलुखात देवाच्या खालोखाल मला काही आठवत असेल तर एका दुकानातल्या चार पेट्या. पेट्यांचं सांगायला घेतलं की आळीतल्या बायका म्हणतात, ते राहू दे, लग्नाचं सांग, साड्यांचं सांग. आता लग्नाचं सांगायचं तर त्या पेट्यांवरूनच जावं लागतं, दुसरी वाट नाही. म्हणून सगळं एकदाच लिहून काढते. ज्यांना वाचता येतं त्यांनी वाचा, येत नाही त्यांना वाचून दाखवा. मीसुद्धा वाचायला शिकले ती वाण्याच्या पुड्यांचे कागद उलगडून, तेव्हा कुठं काही चुकलं तर पुडीचा कागद समजून सोडून द्या.

माझा धाकटा भाऊ विष्णू तुम्हाला आठवत असेल. गावची सगळी पोरं मुंबईला जायची तेव्हा हा एकटा बासष्ट सालात घाट चढून पिंपरीला गेला. तिकडे माळावर कारखाने उभे राहताहेत, हातांना काम आहे, असं कुणीतरी सांगितलं होतं. आई लवकर गेली, त्यामुळे तो माझ्याच कडेवर वाढलेला. त्याच्या थोरल्या लेकीचं, लताचं लग्न वैशाखात धरलं, आणि मी पंधरा दिवस आधीच निघाले. हातात एक पिशवी आणि मांडीवर एक फणस. एसटीच्या कंडक्टरनं फणसाकडे असं पाहिलं की आता ह्याचंही तिकीट फाडतो की काय. कऱ्हाडपर्यंत मी त्याला लुगड्याच्या पदराखाली झाकून नेला, लेकुरवाळीसारखा.

चिंचवड

आपल्याकडे माणूस कोंबड्यानं उठतो, तिकडे भोंग्यानं. भोंगा म्हणजे कारखान्याची शिट्टी, पण शिट्टी म्हणणं म्हणजे हत्तीला मांजर म्हणण्यासारखं. पहिल्या पहाटे मी दचकून उठून बसले आणि भावजयीला, सुमनला विचारलं, कुठं आग लागली गो? ती म्हणाली, फर्स्ट शिफ्ट लागली. तिथं वेळ घड्याळावर नसते, शिफ्टवर असते. दूधवाला "सेकंड शिफ्टच्या आधी" येतो, भांडण "थर्ड शिफ्ट सुटली तेव्हा" झालेलं असतं. हवेला तेल आणि तापलेल्या लोखंडाचा वास. माणसांच्या चपलांच्या तळव्यात लोखंडाचा बारीक चुरा रुतलेला, उंबऱ्यावर पाय घासल्याशिवाय कुणी घरात येत नाही. आपल्या लाल मातीचं जे, ते त्यांच्या चुऱ्याचं.

पण गाव पुरतं शहर झालेलंही नाही. पिंपळे सौदागरला नुसतं रान आहे, तिथल्या बायका वांगी न् मेथी डोक्यावर घेऊन येतात. सुमन मावळातली. तिचा आंबेमोहोर शिजला की दोन खोल्यांचं घर भरून जातं. नारळाला मात्र तिचा हात आखडता आणि शेंगदाण्याच्या कुटाला सढळ. मी पहिल्या दिवशी आमटीत नारळ वाटून घातला तर लता म्हणाली, आत्या, आज काय सण आहे का?

विष्णू दारातच भेटला. वाकून नमस्कार केला तो डाव्या हातानं. उजवा हात पँटच्या खिशात. घरात, उन्हाळ्याच्या तलखीत, माणूस पँट घालून बसतो, हे मला विचित्र वाटलं. मग कळलं, लुंगीला खिसा नसतो.

त्याच्या हाताला अपघात झाल्याचं मला ठाऊक होतं, पण कसा ते सुमननं भाकऱ्या थापता थापता सांगितलं. पॉवर प्रेस नावाचं यंत्र असतं. वरून लोखंडाचा ठोकळा खाली येतो, पत्र्याला आकार देतो आणि वर जातो. त्याला दोन बटणं असतात, एक डावीकडे, एक उजवीकडे, मुद्दाम लांब लांब. दोन्ही एकदम दाबली तरच ठोकळा खाली येतो. दोन्ही हात बटणांवर आहेत म्हणजे ठोकळ्याखाली नाहीत. किती शहाणपणाची युक्ती बघा. पण माणसानं तिच्यावरही युक्ती काढली. एका बटणात लाकडाची पाचर मारायची, मग ते दाबलेलंच राहतं. एक हात बटणाला, दुसरा हात पत्रा सरकवायला मोकळा, काम झपाट्यानं उरकतं. सगळेच मारतात म्हणे. साहेब लोक बघतात आणि बघितलं नाही असं करतात. विष्णूनंही वर्षानुवर्षं मारली. गेल्या श्रावणात पत्रा सरकवणारा हात वेळेवर मागं आला नाही. मधली तिन्ही बोटं गेली, अंगठा आणि करंगळी राहिली.

"स्टोअरला बसवलंय आता, पगार चालू हाय," सुमन म्हणाली. "पगाराचं न्हाई वो वन्सं. ह्यांनी हात खिशात घातला तो घातलाच."

पंगतीला तो बसत नाही. सगळ्यांचं झालं की आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून डाव्या हातानं चमच्यानं जेवतो. आणि आता त्यानं काढलं होतं की लताच्या कन्यादानाला चुलत भाऊ आणि त्याची बायको बसतील. का, तर कन्यादानात बापाच्या ओंजळीत आई पाण्याची धार धरते, आणि ह्या ओंजळीत पाणी राहत नाही. चारचौघांत ते गळताना दिसणार. आता बाप बसला नाही तर आईही बसत नाही, जोडीनंच बसायचं असतं. ते बोलताना सुमनची भाकरी तव्यावर करपली.

"अठरा वर्सं लेक मी सांभाळली, आन् धार दुसरीनं धरायची?" तेवढंच म्हणाली आणि करपलेली भाकरी स्वतःच्या ताटात टाकली.

त्याच दुपारी सगळे लवंडले असताना मला मोरीतून नळाचा आवाज आला. वाटलं, कुणी नळ उघडा ठेवला. उठून पाहिलं तर विष्णू नळाखाली दोन्ही हातांची ओंजळ धरून उभा. पाणी भरायचं, एका बाजूनं गळून जायचं. तो हात थोडे तिरके करायचा, पुन्हा धरायचा, पुन्हा गळायचं. जी बोटं नव्हती तीसुद्धा तो जुळवू पाहत होता. मी पाऊल न वाजवता मागं फिरले आणि अंथरुणावर पडून उगीच मोठ्यानं घोरले, म्हणजे त्याला कळावं की कुणी जागं नाही.

गुरुवार

गुरुवारी सकाळी भोंगा वाजला नाही. उठून पाहते तर आळीतले पुरुष घरी, आरामात तेल लावून अंघोळी चाललेल्या, कुणी पोराला खांद्यावर घेऊन फिरतंय. मला गहिवरून आलं. म्हटलं, केवढं दत्तभक्त गाव! गुरुवार पाळायचा म्हणून अख्खे कारखाने बंद ठेवतात! मीही अंघोळ केली, कुणाला न विचारता उपास धरला, आणि जप करत बसले तोवर सुमन पिशवीतून मटण घेऊन आली.

मी म्हटलं, "अगो, आज गुरुवार ना?"

"व्हय की. म्हणूनच आणलं. हितं गुरुवार म्हंजे रविवार, वन्सं. आज कारखान्याला वीज न्हाई, त्यामुळं सुट्टी."

वीज मंडळाच्या सोयीनं ठरलेला वार मी दत्ताच्या नावावर घातला होता. सगळे इतके हसले, आतल्या खोलीतून विष्णूचासुद्धा खोकल्यासारखा एक आवाज आला. पण उपास एकदा धरला तो धरला. सगळ्यांनी रस्सा ओरपला आणि मी केळं खाऊन बसले. हे इतकं सविस्तर सांगते आहे, कारण हा चुकून धरलेला उपासच मला त्या पेट्यांपर्यंत घेऊन गेला.

पिंपरी कॅम्प

दुपारी बस्ता बांधायला पिंपरी कॅम्पात गेलो, मी, सुमन आणि गाठोडं उचलायला विष्णू. कॅम्प म्हणजे सिंधी लोकांची वस्ती. फाळणीत घरंदारं टाकून आलेली माणसं. आता त्यांच्या दुकानांत कापडाच्या थप्प्या छताला टेकलेल्या. दुकानदार साडी अशी फेकून उलगडतात की वाटतं कोळ्यानं जाळं टाकलं. जाळ्यात मासा सापडतोच. लताचा शालू तिथंच सापडला.

साड्यांचं पुढे कधी भेटाल तेव्हा तोंडी सांगेन, कारण तिसऱ्या दुकानातून बाहेर पडताना माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. पोटात केळं, डोक्यावर वैशाखाचं ऊन. सुमननं मला शेजारच्या दुकानात शिरवलं. दाराला जाड काळा पडदा, आत गारवा आणि अंधार, आणि भिंतीशी माणसाएवढ्या उंच चार पेट्या. कॅम्पातलीही वीज त्या घटकेला गेलेली होती. मला वाटलं, एसटी स्टँडवर असतं तसलं वजनाचं यंत्र. पायरीसारखं काही दिसेना म्हणून विचारलं, उभं कुठं राहायचं हो? अंधारातून एक म्हातारा हसला आणि म्हणाला, "इसमें वजन नही माताजी, इसमें फक्त वेळ जातो."

हे लछमनदास. दुकानाचे मालक. पांढरा लेंगा, कानावर केस, आणि मराठी अशी की निम्मी आपली, निम्मी त्यांची. त्यांनी मला स्टूल दिलं, लिंबाचं सरबत दिलं. वीज येईपर्यंत गिऱ्हाईक नाही, त्यामुळे आपल्या पेट्यांची कुळकथा सांगत बसले. ह्या नाणं टाकून खेळायच्या पेट्या. म्हणाले, ही आजी, ही आई, ही लेक, ही नात.

आजी सगळ्यात जड. तिच्या पोटात टीव्ही नाही, नुसतं लोखंड. पत्र्याची बदकं पट्ट्यावरून सरकतात, आरसा आणि दिवा लावून ती लांब असल्यासारखी दाखवायची, पुढे एक बंदूक बांधलेली, नेम लागला की घंटा. एका जत्रेवाल्याकडून त्यांनी ती घेतली होती. लछमनदास म्हणाले, इथले कामगार हिच्यावर खेळत नाहीत, हिला दुरुस्त करतात. सुट्टीच्या दिवशी येतात, मागचं झाकण उघडतात, पट्टा ताणून देतात आणि समाधानानं घरी जातात.

आईच्या पोटात पहिल्यांदा काच आली. काळी काच, दोन पांढऱ्या पट्ट्या आणि एक ठिपका. पट्टी म्हणजे बॅट, ठिपका म्हणजे चेंडू. बस्स, एवढंच. पण अमेरिकेत हे पहिल्यांदा मांडलं तेव्हा लोकांनी म्हणे एवढी नाणी टाकली की पेटी तुडुंब भरून बंद पडली, आणि मालक म्हणाला, यंत्र बिघडलं.

लेक जपानची. तिच्यात वरून शत्रू रांगेनं खाली उतरतात, आणि आपण खालून एकेक गोळी सोडायची. रंगीत दिसतं, पण रंग खोटा. पडदा काळा-पांढराच, त्यावर रंगीत प्लॅस्टिकच्या पट्ट्या चिकटवलेल्या, आपण पतंगाच्या कागदातून सूर्य बघतो तसं. तिची एक गंमत त्यांना मुंबईच्या मेकॅनिकनं सांगितली होती. शत्रू कमी कमी होतात तसे उरलेले जास्त जोरात पळतात. कुणी ठरवून केलेलं नाही म्हणे. यंत्राच्या डोक्यावरचं ओझं कमी झालं की ते आपोआप भरभर चालवतं. मला हे फार पटलं. आमच्याही घरात लेकी एकेक करून सासरी गेल्या आणि उरलेल्या माणसांची धावपळ वाढतच गेली.

नात म्हणजे चौथी. खरे रंग, आणि वाटांच्या जाळ्यात पळणारी मोटार. तिच्यासाठी पोरं आजीकडे ढुंकूनही बघत नाहीत. हे सांगताना लछमनदासांनी आजीच्या लाकडी अंगावरून हात फिरवला.

विष्णू दाराशी गाठोडं घेऊन उभा होता. मला वाटलं तो कंटाळला. पण तो हळूहळू आत आला आणि तिसऱ्या पेटीपुढं वाकला. डावीकडे एक दांडा, उजवीकडे एक बटण.

"हिलाबी दोन हात लागतात," तो स्वतःशीच म्हणाला.

तेवढ्यात वीज आली. चारही पेट्या एकदम अशा बोलायला लागल्या की मी सरबत लुगड्यावर सांडलं. भजनाला चार टाळकरी चार चालींत सुरू व्हावेत तसं. आणि पडद्यामागून माणसं आत आली, सगळी सुट्टीवरची, धुतलेल्या शर्टांतली. त्यातला एक जाडजूड जवान गडी तिसऱ्या पेटीला लागला. त्याच्या उजव्या हातात वडापाव होता आणि तो त्याला सोडवेना. मग त्यानं काय करावं? खिशातलं बसचं तिकीट काढलं, घडी घालून घालून कडक केलं, आणि त्या बटणाच्या फटीत बटण दाबून घट्ट बसवलं. झालं. डाव्या हातात दांडा, उजव्यात वडापाव.

एक गोळी सुटली. दुसरी सुटेचना.

"काय राव, बंद पडली काय?" तो म्हणाला.

मागचा मित्र म्हणाला, "भावा, प्रेस हाय का ती, पाचर मारून चालायला?"

सगळे हसले. सगळे त्याच कामातले असावेत, एवढं हसायला. लछमनदास तिकडून म्हणाले, "भाऊ, रोज कुणीतरी मारतंच. इसको पाचर नही चलती. उचला, दाबा. उचला, दाबा. दाबून ठेवलं तर ही ऐकतच नाही."

मी सुमनकडे पाहिलं. ती विष्णूकडे पाहत होती. त्यानं गाठोडं जमिनीवर ठेवलं आणि पुढं झाला.

"परत सांगा," तो लछमनदासांना म्हणाला.

त्यांनी परत सांगितलं. दर वेळी हात उचलावाच लागतो.

आणि मग विष्णूनं खिशातून हात बाहेर काढला. माझ्या भावाचा तो हात मी तेव्हा पहिल्यांदा इतक्या जवळून पाहिला. अंगठा, करंगळी, मध्ये मिटलेली कातडी. त्या दोन बोटांच्या चिमट्यात त्यानं तिकिटाची घडी धरली आणि ओढून काढली.

"एवढी अक्कल आमच्या प्रेसला दिली असती तर," तो म्हणाला.

त्या जवानानं वडापाव खाली केला, हात शर्टाला पुसला आणि बाजूला होत म्हणाला, "काका, तुमी खेळा. माझा डाव शिल्लक हाय."

विष्णूनं डाव्या हातात दांडा धरला. उजवा हात बटणावर गेला आणि तिथंच अडखळला. सगळ्यांची नजर तिथंच होती, तो तरी काय करणार. वरून शत्रूंची रांग उतरत होती, पेटीच्या पोटात छातीच्या ठोक्यासारखा आवाज. तेवढ्यात सुमननं आपल्या हातातली पिशवी माझ्या मांडीवर टाकली, पदर खोचला आणि त्याच्या उजव्या अंगाला जाऊन उभी राहिली.

"मी दाबते," ती म्हणाली. "कवा दाबायचं ते सांगा."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग काचेकडे वळला.

"आता," म्हणाला. "आता. आता."

पहिला डाव लगेच गेला. मागची पोरं सल्ले द्यायला लागली, वहिनी, घाई नका करू, काका, भिंतीआड राहा. लछमनदासांनी आपल्या हातानं पुढचा डाव लावून दिला. मला त्या खेळातलं काही कळत नव्हतं, मी त्या दोघांच्या पाठींकडे पाहत होते. आधी तो "आता" म्हणायचा आणि ती दाबायची. मग तो म्हणेपर्यंत तिनं दाबलेलं असायचं. मग तो म्हणेचना. उरलेला शेवटचा एक शत्रू वेड्यासारखा इकडून तिकडे पळत होता, विष्णूचा खांदा त्याच्याबरोबर हलत होता, आणि सुमनचा हात वर थांबलेला. दाबला. काच रिकामी झाली. पोरांनी गलका केला.

आणि लगेच वरून नवी रांग उतरायला लागली.

"हे तर परत आले," सुमन म्हणाली, इतकी खट्टू होऊन की पाहवेना. "घासलेली भांडी परत मोरीत, तसलंच हाय की हे बी."

तेव्हा विष्णू हसला. सकाळचा तो खोकल्यासारखा नव्हे, चांगला मोकळा, लहानपणी गोठ्याच्या आढ्यावर बसून हसायचा तसा. परत येताना गाठोडं त्यानं उजव्या खांद्यावर घेतलं होतं आणि वरून तोच हात टेकवलेला होता, उघडा.

फणस

मी आणलेला फणस इतके दिवस कोपऱ्यात तसाच होता. घरात फणस फोडायचा तो विष्णूनं, दुसऱ्या कुणाला जमायचं नाही, आणि त्याला सांगायचं कुणी? तो पिकून असा दरवळायला लागला होता की शेजारणी सहज म्हणून येऊन बसायच्या. त्या संध्याकाळी त्यानं स्वतःच चिकासाठी हाताला लावायला तेल मागितलं. सुमननं दोन्हीकडून फणस दाबून धरला, त्यानं डाव्या हातानं कोयता चालवला, आणि गरे सोडवायला अंगठा आणि करंगळी. त्या चिमट्यानं गरा असा अलगद सुटून यायचा की लता म्हणाली, बाबा, बोटं असताना एवढे चांगले निघत नव्हते. मी विष्णूच्या तोंडाकडे पाहिलं, आता काय होतं म्हणून. तो म्हणाला, "अगं, तेव्हा घाईत असायचो."

माझा उपास त्या गऱ्यांवर सुटला. शेजारी वाटे गेले. मला वाटलं, हीच वेळ. मी म्हटलं, विशू, मग कन्यादानाला तूच बस ना रे.

तो तेलकट हात पुसत राहिला. "आक्का, खेळ वेगळा न् पाणी वेगळं. बटण कुणीबी दाबतं. पाणी माझ्याच हातात धरायचं असतं."

सुमन गऱ्यांतल्या आठळ्या गोळा करत होती, ती गोळाच करत राहिली.

चाकण

लग्नाआधी व्याह्यांनी जेवायला बोलावलं. मुलगा भोसरीच्या कारखान्यात टर्नर, पण घर चाकणचं. भोसरी मागं पडली की कारखान्यांच्या चिमण्या संपतात आणि कांदा सुरू होतो. चाकणच्या बाजारात कांद्याचे ढीग, आपल्याकडे भाताच्या उडव्या रचतात तसे. लाल धूळ नाही, कांद्याची पापुद्री साल वाऱ्यावर उडते, अबोलीच्या पाकळ्यांसारखी. डोळे चुरचुरतात. मी सारखी पदर डोळ्यांना लावत होते, तर बाजारातली एक बाई सुमनला म्हणाली, म्हातारीला लई वाईट वाटतंय का लेकीचं?

विहीणबाई ठसठशीत, मोठ्या कुंकवाच्या. त्यांनी सांगितलं, तुमच्यासाठी मासवडी केलीय. माझा जीव सुपाएवढा झाला. इतके दिवस मासळीचा वास नाही की काही नाही, म्हटलं कोकणातली पाहुणी म्हणून कुठून तरी मासा पैदा केला बिचारीनं. पानात पाहते तर बेसनाची वडी! आत तीळ, खोबरं, लसूण, आणि बरोबर जिभेला चटका देणारा रस्सा. त्यात मासा औषधालाही नाही. मी दोनदा उलटून पाहिली. चवीला मात्र अशी की मासा विसरावा. विहीणबाईंना कळल्यावर त्या हसून हसून चुलीपाशीच बसल्या.

पंगत बसली तेव्हा विष्णू सगळ्यांबरोबर पाटावर बसला. त्यानं सरळ सांगितलं, मला चमचा लागतो. विहीणबाईंनी चमचा आणून दिला आणि विचारलं, रस्सा वाढू का. झालं एवढंच.

जेवणं झाल्यावर सुपारी फोडता फोडता त्यानं विषय काढला. मांडवात कुजबूज नको, आधीच सांगितलेलं बरं, कन्यादानाला माझा चुलत भाऊ बसेल. विहीणबाईंनी विचारलं, का वो? त्यानं हात पुढे केला.

"ह्यात पाणी राहत न्हाई."

विहीणबाईंनी हात पाहिला. चांगला निरखून पाहिला, कांदा पारखावा तसा. मग म्हणाल्या, "आवं व्याही, ते पानी हातात ठिवायचं आसतंय व्हय? खाली सोडायचंच आसतंय. तुमच्या हातातनं लेकीच्या, लेकीच्या हातातनं आमच्या पोराच्या. गळलं तर लवकर ईल आमच्याकडं."

आणि उठून ताटं उचलायला गेल्या. आयुष्यभर मी लग्नं पाहिली, कन्यादानं पाहिली, पण हे काही माझ्या ध्यानात आलं नव्हतं. विष्णू आपल्या हाताकडे पाहत राहिला. परतीच्या एसटीत त्याचा हात खिडकीच्या गजावर होता आणि बोटांच्या जागेतून वारा आत येत होता.

मांडव

लग्नाच्या सकाळपर्यंत कुणालाच काही ठाऊक नव्हतं. चुलत भाऊ आणि त्याची बायको आधीच तयार होऊन बसलेली, तिनं तर ठेवणीतली पैठणी काढलेली. सुमन कामात होती. ती त्या दिवशी इतकी कामात होती की कुणाच्या नजरेला नजर देत नव्हती. मंगलाष्टकं झाली. अक्षता पडल्या. भटजींनी विचारलं, कन्यादानाला कोण बसतंय, चला.

आतल्या खोलीचं दार उघडलं आणि विष्णू बाहेर आला. कोरं धोतर, खांद्यावर उपरणं. खिसा कुठंच नाही.

तो चुलत भावाजवळ थांबला, त्याच्या पाठीवर हात ठेवला, काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. चुलत भाऊ उठला आणि आपला पाट त्यानं स्वतःच्या उपरण्यानं पुसून दिला. सुमन दाराशी हातात अक्षतांचं ताट घेऊन उभी होती. ती तशीच उभी राहिली. शेवटी मीच जाऊन तिच्या हातातलं ताट काढून घेतलं आणि म्हटलं, जा गो.

खाली काशाचं ताट. त्यावर जावयाची ओंजळ, त्यावर लताची, आणि सगळ्यात वर विष्णूची. सुमननं उजव्या हातात कलश उचलला. डावा हात तिनं कुणाला कळेल न कळेल असा खाली नेला आणि त्याच्या ओंजळीला जिथं बोटं नव्हती तिथं आपली बोटं लावली. भटजींचा मंत्र चालू होता. कलश तिरका करून तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

विष्णू हळूच म्हणाला, "आता."

किती पाणी राहिलं, किती गळलं, मी पाहिलं नाही. माझ्या डोळ्यांना त्या दिवशी कांद्याचं निमित्तही नव्हतं. पण ते खाली ताटात पोचल्याचा आवाज मी ऐकला.